जोडावरचा नारळ

सार्वजनिक कामात लोखंडाने मनात काही ठेवू नये, अशी सर्वांची अपेक्षा असते. लोखंड मात्र ठेवते. नांदुऱ्याजवळच्या एका गावात ही गोष्ट उकंडराव वेल्डरलाच काय ती माहीत होती. सदुसष्ट साली तो अणुभट्टीच्या कामावर दोन वर्षे काढून परतला होता. तिथे पोलादाला जोड दिला की तो भरपूर तापवून सावकाश निवू देत. वर नमुन्याचा तुकडा बर्फात गार करून त्यावर घाव घालून पाहत. (तिथल्या लोकांना वेळ फार.)

गावची नवी पोलादी टाकी त्यानेच जोडली. ती कंबरभर ओट्यावर उभी राहिली, आणि उद्घाटनाला पहिल्या घागरीचा मान त्याच्याच बायकोला, शालूबाईला मिळाला. घागर टाकीला खेटूनच लावायची होती. उकंडराव गावच्या पाणीपुरवठा समितीपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, जोड दिला का लोखंड आतून ताणून राह्यते. कपाशीची वाळली पऱ्हाटी पेटवून जोड तापवा, मंग हळूहळू निवू द्या. नाही तं थंडीत एक ठोका बसला का काचेवानी तडकते."

अध्यक्ष हिंमतरावांनी विषय रीतसर मतास टाकला. अकरापैकी नऊ जणांनी हात वर करून टाकीत ताण नसल्याचे ठरवले. एकाने मत राखून ठेवले. एक चहाला गेला होता.

"ताण तुले आहे बे, टाकीले नाही," हिंमतराव मायेने म्हणाले. तरीही खबरदारी म्हणून जोडावर हिरव्या रंगाचे दोन हात जास्त मारण्यात आले.

जानेवारीतल्या कडाक्याच्या सकाळी उद्घाटन झाले. टाकी काठोकाठ भरली होती. नारळ फोडायला हिंमतरावांनी जोडाची फुगीर रेघच निवडली, कारण तीच सोयीची होती. तेवढ्यात उकंडरावने शालूबाईचा हात धरून तिला बाजूला ओढले. चारचौघांत बायकोचा हात धरला म्हणून मंडपात बरेच जण खाकरले.

हिंमतरावांनी नारळ आपटला. नारळ फुटला नाही. टाकी फुटली.

अहवालात नमूद आहे: घरोघर पाणी पोहोचवण्याचे उद्दिष्ट चार मिनिटांत साध्य, जीवितहानी नाही, अध्यक्षांची टोपी बेपत्ता. दोष नारळाचा, तो गरजेपेक्षा टणक निघाला. दुसऱ्या वेल्डरकडून टाकी पुन्हा जोडून घेतली. तापवली नाही, पण रंगाचे चार हात दिले. आता नारळ दगडावर फोडतात. शालूबाई पाणी विहिरीवरून आणते.

गावाला हसलात ना? हसा. तुमच्याही टाकीला रंग छान दिला आहे. जोड तापवला होता का, हे तुम्ही कोणाला विचारले होते?