नानांच्या गाडीतला हवेचा दिवा

नानांच्या गाडीतला बिघाड मी दुरुस्त केला नाही, फक्त झाकला. ही चूक माझी. मॅनेजरवर ढकलायचा मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला, पण ती माझीच.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. इंदिरानगरला एकटेच राहायचे. मुलगा कॅनडात. त्याने वडिलांना हट्टाने एक महागडी गाडी घेऊन दिली होती. चाकातली हवा कमी झाली की तिच्यात समोर पिवळा दिवा लागायचा. दोन हजार आठ-नऊच्या नाशकात असले दिवे मोजक्याच गाड्यांत. अंबडच्या सर्व्हिस सेंटरला गाड्या दाखल करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

नानांनी चारही चाकांना नाती लावली होती. पुढचे दोघे भाऊ, मागची उजवीकडची वहिनी आणि डावीकडचा जावई. दिवा लागायचा तो जावयामुळे.

"सोनवणे, जावई पुन्हा रुसला," काउंटरला काठी टेकवून नाना सांगायचे. मी हवा मोजायचो. अगदी बरोबर. दिवाही विझलेला.

"तुमच्या दारात शहाण्यासारखा वागतो हो. माझ्याशीच वाकडा."

हवा मोजायचं मीटर ते सदऱ्याच्या खिशाला पेनासारखं लावायचे. एकदा अशोक स्तंभाजवळ दिवा लागला, तर नाना भर रस्त्यात उतरून चाकापाशी उकिडवे बसले. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक रिक्षावाला म्हणाला, "बाबा, पूजा घरी करा ना."

"थांब रे जरा, जावयाची नाडी बघतोय."

चाकातला सेन्सर खराब होता, हे मला कळत होतं. पण वॉरंटीत तो बदलायचा तर बिघाड आमच्या डोळ्यांसमोर दिसायला हवा, असा कंपनीचा नियम. माझे क्लेम परत येत होते. मॅनेजर म्हणाले, "ते काठीवाले बाबा पुन्हा दिसता कामा नयेत." मग मी मेकॅनिकला गाडीचं स्टिअरिंगसमोरचं मीटर उघडायला लावलं आणि त्या दिव्यावर आतून काळी टेप चिकटवून घेतली. नानांना म्हणालो, "झालं काम." खूश होऊन त्यांनी मला चिवड्याचा पुडा आणून दिला. मी तो खाल्लासुद्धा.

काही आठवडे नाना आले नाहीत. मग एका दुपारी आले ते रिक्षाने. माझ्यासमोर बसून राहिले.

"काय नाना, दिवा लागतो का?"

"नाही. बरा झाला."

"मग चांगलंच की."

"हो, चांगलंच." ते काठीची मूठ चोळत राहिले. "रविवारी मुलाचा फोन येतो. ही होती तेव्हा हीच बोलायची दोन-दोन तास. मला नाही जमत. पण हा दिवा लागायला लागला आणि तो विचारायचा, बाबा, काय झालं दिव्याचं? मी सांगायचो, सोनवणेंनी हे केलं, ते केलं. तोही तिकडे चौकशी करून सांगायचा. आता म्हणतो, मग झालं ना काम. आणि ठेवतो."

मी काउंटरवरचे कागद उगाच सारखे करत राहिलो.

"सोनवणे, वॉरंटीत आणखी काही बिघडण्यासारखं आहे का हो?"

तेव्हा बोलायचं धैर्य मला झालं नाही. रविवारी सकाळी मात्र मी त्यांच्या घरी गेलो. नाना फोनजवळच्या खुर्चीत बसले होते, धुतलेला सदरा घालून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, टेपसकट. नानांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते काही बोलायच्या आत फोन वाजला.

"हं, बाबा बोलतोय. हे बघ, सोनवणे आलेत. त्यांना तुला काही सांगायचंय," असं म्हणून त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "साहेब, मी तुमच्या वडिलांना फसवलं. दिवा झाकून ठेवला, सेन्सर अजून खराबच आहे. रस्त्यात त्यांना काही झालं असतं तर दोष माझा असता. उद्या टेप काढतो आणि सेन्सर बदलून मिळेपर्यंत कंपनीशी मी भांडतो. मला माफ करा."



"बाबांना द्या," पलीकडून मुलगा म्हणाला. "त्यांच्याकडून मला पहिल्यापासून ऐकायचंय."