पहिल्या राती आत कोण निजलं?

मारुती मिस्त्री घरी आले की आधी आमच्या भिंतींना भेटायचे, मग आम्हाला. चपला काढायच्या, बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा. "भरीव हाय. बसतो." बहारीनला हूरा भागात आमचा फ्लॅट, त्याच्या स्वयंपाकघराची भिंत त्यांना पोकळ वाटली, तर आठ वर्षांत त्यांनी तिथे पाऊल टाकलं नाही. शेजारच्या गुजराती बाईंकडे नातवाचं बारसं होतं, तिथेही भिंत ठोकून म्हणाले, "पाळणा सरकवा." त्या बिचाऱ्यांना वाटलं, ही मराठी लोकांची रीतच असावी. पुढच्या नातवाच्या वेळी त्यांनी मिस्त्रींना मुद्दाम बोलावणं धाडलं!

मिस्त्री पाटणकडचे, कोयनेकाठचे. आमच्या ह्यांच्या कंपनीत पलस्तराचे फोरमन. दोन वर्षांनी सुट्टी मिळाली की गावी जायचे आणि घराला एक खोली वाढवून यायचे. मग फोटो दाखवायचे. नवी खोली, नवी खिडकी, पण माणूस एकाही फोटोत नाही. मी एकदा विचारलं, "तुमची मंडळी कुठेत हो?"

"हाय की. भाईर हाय," म्हणाले आणि फोटो खिशात.

फिरायची आवड म्हणाल तर शून्य. शुक्रवारी आम्ही सगळे समुद्रावर निघालो की मिस्त्री म्हणणार, "पाणी काय बघायचं वैनी? यल्ला, चला, तुम्ही जावा." म्हणून कंपनीतल्या पाओलो इंजिनियरने आम्हा दोघांना सुट्टीत त्याच्या गावी बोलावलं, तेव्हा मिस्त्री "म्या बी येतो" म्हणाले, आणि आमचे हे घास हातात धरून बघतच राहिले. इटलीला! स्वतःच्या तिकिटाने!

पाओलोचं गाव सिसिलीत, डोंगरावर. नाव मला आजही नीट घेता येत नाही. मधाच्या रंगाचा दगड, आणि पायऱ्या म्हणजे पायऱ्या, माझ्या गुडघ्यांना विचारा. देवळाची दर्शनी भिंत सरळ नाहीच, छाती फुगवून उभी. सज्ज्यांच्या खाली दगडी तोंडं, कुणी जीभ काढलेलं, कुणी डोळे वटारलेलं. ह्या घडणीला बरोक म्हणतात, असं पाओलो म्हणाला. मला विचाराल तर सरळ रेघेला कंटाळलेल्या गवंड्यांचं काम.

आम्ही माना वर करून बघतोय, आणि मिस्त्री रस्त्याच्या मधोमध चाललेत. मागून गाड्या भोंगे वाजवतायत. "सज्ज्याखाली हुबं ऱ्हाऊ नका, वैनी!" देवळात शिरले ते थेट खांबाकडे. टकटक. मग गुबगुबीत देवदूताच्या पायावर टकटक. राखणदार ओरडत धावत आला, तर मिस्त्री त्याचाच हात धरून म्हणतायत, "संगमरवर न्हाई हो हे, पलस्तर हाय! पलस्तर! काय हात हुता गड्याचा!" डोळे भरून आले होते त्यांचे. मराठी त्या राखणदाराला कुठून कळणार? पण तो ओरडायचा थांबला.

दुपारी पाओलोच्या आईकडे जेवायला बसलो. पाओलो सांगत होता, तीनशे वर्षांमागे भूकंपात गाव जमीनदोस्त झालं, लोकांनी पुन्हा बांधलं, बघितलंत ते सगळं त्यानंतरचं. मिस्त्रींनी काटा खाली ठेवला.

"साहेब, त्याला इचारा. बांधून झाल्यावं पहिल्या राती आत कोण निजलं?"

ह्यांनी इंग्रजीत विचारलं. पाओलो हसला. "तीनशे वर्षं झाली! कुणाला माहीत?" त्याने म्हाताऱ्या आईला सांगितलं, ती मात्र हसली नाही. तिने उलट विचारलं, "ह्या माणसाच्या घरचं कोण आत झोपत नाही?"

आणि आठ वर्षांत आम्हाला जे सांगितलं नाही, ते मिस्त्रींनी त्या परक्या म्हातारीला सांगितलं. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे त्यांची चार वर्षांची लेक भिंतीखाली गेली. ती भिंत त्यांनीच बांधलेली. तेव्हापासून बायको अंगणात छप्पर घालून राहते. "म्या एवढ्या खोल्या बांधल्या, पक्क्या. ती उंबरा वलांडत न्हाई. पाओलो साहेबाकडनं ह्या गावाचं आयकलं हुतं. म्हनलं, हितली मानसं कशी आत गेली, ती युक्ती बघून यावी."

ह्यांनी त्याचं इंग्रजी केलं. पाओलोने कसंबसं आईला सांगितलं. तिने मिस्त्रींच्या ताटात आणखी एक पाव ठेवला आणि विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कुठे झोपता?"

मिस्त्रींनी पावाचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "बहारीनमधी."

परत आल्यावर महिन्याच्या आत त्यांनी नोकरी सोडली. ह्यांनी समजावलं, पाओलोने समजावलं. "खलास, साहेब," एवढंच.

पुढच्या सुट्टीत आम्ही वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. घर दृष्ट लागण्यासारखं, पाच खोल्यांचं. त्यात भाताची पोती. अंगणात गवताचं छप्पर, बाजूंना आडोशाला गोणपाटाचं किंतान बांधलेलं, आणि खाली दोन बाजा.

त्यांच्या मंडळींनी चुलीवर चहा टाकला. मला राहवेना. म्हटलं, "अहो, मिस्त्रींनी एवढं घर बांधलं तुमच्यासाठी..."

"हां. आठ वर्सं घर धाडीत हुते," ती बाई म्हणाली. "मानूस आत्ता आलं."

मिस्त्री उठले, आणि ज्या बाजूने तिच्या पाठीला वारा लागत होता, तिथलं किंतान घट्ट बांधून आले.