भिंतीला भोक नको

घरात तान्हं मूल आलं, की सगळ्यात जास्त जपावं लागतं ते भिंतींना. मूल पडतं, रडतं, पुन्हा उठतं. भिंतीला एकदा भोक पडलं की पडलं.

हे ज्ञान मला माझ्या थोरल्या भावाकडून मिळालं. दादा एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. दर वर्षी तो बाराशे सूचनापत्रं वाटतो आणि बाराशे सह्या गोळा करतो. (अपघातही होतात, पण त्यांची फाईल वेगळी.) त्याची मुलगी चौदा महिन्यांची. दिसेल त्यावर चढते, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. तिच्या खोलीचा रंग निवडायला तीन आठवडे लागले. रंग वाळला आणि खिडकीला ब्लाइंड बसवायला फिटर आला.

काम झाल्यावर त्याने मुंगीच्या पलंगाशेजारी लोंबणारी ब्लाइंडची दोरी हातात धरली.

"साहेब, हा फास आहे. पोरीच्या मानेत अडकला तर तिला ओरडताही येणार नाही. दोन भोकं पाडतो, खुंटी बसवतो, दोरी तिच्यात ताणून राहते. पाच मिनिटांचं काम."

"भोकं?" वहिनी म्हणाली. "परवाच रंग झालाय हो."

"खुंटीचं पाकीट ठेवून जा, मी बघतो," दादा म्हणाला आणि 'सुरक्षिततेची माहिती मिळाली' या कागदावर सही केली. सही होताच दोरी निम्मी सुरक्षित झाली. पाकीट खणात गेल्यावर उरलेली निम्मी. त्या खणात प्लगची झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचं रबर आणि औषधांच्या कपाटाचं कुलूप आधीपासून होतं, सगळं न फोडलेलं. एवढा सुरक्षित खण मी दुसरा पाहिला नाही.

मुंगीला सांभाळणाऱ्या मावशींनी मात्र आयुष्यात एकही सूचनापत्र वाचलेलं नव्हतं. त्या रोज सकाळी दोरी वर गुंडाळून गाठ मारायच्या. वहिनी संध्याकाळी गाठ सोडायची, कारण ती गबाळी दिसायची. शेवटी वहिनीने गाठ मारायची नाही अशी ताकीद दिली आणि दादाने खोलीत कॅमेरा बसवला. कॅमेऱ्यासाठी चार भोकं पाडली. (ती कॅमेऱ्यामागे झाकली जातात.)

मग एका मंगळवारी दुपारी मावशी दूध तापवायला गेल्या. मुंगी पलंगाचा कठडा धरून उभी राहिली, दोरी गळ्यात घातली आणि खाली बसली. कॅमेऱ्याने चोख काम केलं. दादाच्या फोनवर 'हालचाल आढळली' असा संदेश गेला. दादा तेव्हा सुरक्षा सप्ताहाचं भाषण देत होता आणि नियमाप्रमाणे फोनचा आवाज बंद होता.

मावशी धावत आल्या, कारण खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. (शांततेचा संदेश पाठवायची सोय कॅमेऱ्यात नाही.) एका हाताने त्यांनी पोरीला उचललं, दुसऱ्याने फास काढला. मुंगी थोड्या वेळाने रडली. तो थोडा वेळ मी चित्रणात मोजला आहे. अकरा सेकंद. त्यावर मला काही विनोद सुचत नाही.

मग मावशींनी कात्री आणून दोरी कापली. संध्याकाळी बैठक झाली. दूध उतू गेल्याची आणि ब्लाइंड तिरका झाल्याची नोंद घेण्यात आली. मावशींनी फक्त मुंगीच्या मानेवरचा लाल वळ दाखवला. वहिनी रडली. दुसऱ्या दिवशी फिटरने नवी दोरी लावली आणि ड्रिल बाहेर काढलं.

"पाडायचीच आहेत भोकं," दादा म्हणाला. "पण भिंतीला रंगाचा आणखी एक हात द्यायचाय. तेव्हा एकदमच करू." आणि सही केली. खणात आता दोन पाकिटं आहेत.

तुम्ही दादाला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. मीही तोंडावर घातल्या आणि तरातरा घरी आलो. हे लिहायला पेन शोधताना खण उघडला, तर आमच्या ब्लाइंडचं पाकीट सापडलं. फोडलेलं नाही. मुंगी दर रविवारी आमच्याकडे खेळायला येते.

तुमचं पाकीट कुठल्या खणात आहे, ते तुम्हाला माहीत आहे. एवढ्या वेळात दोन भोकं पाडून झाली असती. पण तुम्ही बसून शेवटपर्यंत वाचलंत. माहिती मिळाली असेल, तर इथे सही करा.