अप्पांचा खलबत्ता

अप्पा रिसबूड माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, तोंडात बघून बोलतात. आम्ही या सोसायटीत राहायला आलो तेव्हा टेम्पोतून कपाट उतरत होतं, मी घामाघूम झालो होतो आणि शेजारच्या दारातून एक उंच, काटकुळे गृहस्थ बाहेर आले. मी नव्या शेजाऱ्यानं हसावं तसा हसलो. त्यांनी मान वाकडी करून माझं हसू आतपर्यंत तपासलं आणि म्हणाले, "वरची डावी दाढ भरून घ्या. आणि रात्री घासता का?"

"काय?"

"दात हो! सकाळी सगळेच घासतात. सकाळचं घासणं लोकांसाठी असतं. रात्रीचं काय?"

माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. सदाशिव पेठेत फ्लॅट घेतला म्हणजे शेजारी खवचट मिळणार, एवढी मनाची तयारी मी केली होती. तपासनीस मिळेल असं वाटलं नव्हतं.

सरळच सांगतो, मला या माणसाचा हेवा वाटतो. पैशाचा नाही, कारण ते अजून जुन्या मोपेडवर फिरतात. मुलगा परदेशी असल्याचा नाही, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये आता ज्याचा मुलगा परदेशी नाही तोच उठून दिसतो. मला हेवा वाटतो त्यांच्या दातांचा. पासष्टी उलटलेल्या या माणसाच्या तोंडात सगळेच्या सगळे दात आहेत, स्वतःचे आहेत आणि घट्ट आहेत. मी त्यांच्याहून चांगला बारा-तेरा वर्षांनी लहान. माझ्या तोंडात माझं किती आणि डॉक्टरांचं किती, हे आता मलाही नक्की सांगता येत नाही. दोन दाढा गेल्या, एका बाजूला खोट्या दाढांचा ब्रिज आहे, आणि पुढचा एक दात गार पाणी प्यायलो की माझी आठवण काढतो.

अप्पांच्या मते देशात उदारीकरण आलं ते दोन गोष्टींसाठी, एक मऊ ब्रश आणि दुसरा दातांच्या फटी साफ करायचा दोरा. बाकी मोटारी, मोबाइल, हिंजवडीच्या काचेच्या इमारती हे सगळं त्यांच्या हिशेबी वरकड. "पूर्वी ब्रश मिळायचे ते गाडी धुवायचे हो," असं ते म्हणतात. नव्या दुकानात ते दोऱ्याची डबी आणायला जातात आणि रांगेतल्या अनोळखी माणसाच्या टोपलीतला कडक ब्रश काढून मऊ ठेवतात. घासायची त्यांची पद्धतही ठरलेली. "हिरडीकडून दाताकडे, लिमये. केर काढतो तसं, हलक्या हातानं. तुम्ही फरशी पुसल्यासारखे आडवे घासता. म्हणून हिरड्या वर सरकल्या तुमच्या." मी कसा घासतो हे या माणसाला कसं कळलं, ते मला अजून समजलेलं नाही.

वरच्या मजल्यावर यवतमाळचा वैभव भाड्यानं राहतो. तो कुठल्याशा अमेरिकन कंपनीसाठी रात्रभर काम करतो. अप्पांनी त्यालाही जिन्यात गाठलंच.

"रात्रीचं काय?"

"काका, मी शिफ्टवरून सकाळी येतो न, मग झोपतो. माझी रात्र कोणची पकडू?"

अप्पा तिथेच पायरीवर बसले. चांगले विचारात पडले. मग म्हणाले, "तुम्ही झोपता ती रात्र. अमेरिकेचा काही संबंध नाही. शेवटचं खाणं झालं, दात घासले, मग पाण्याशिवाय काही नाही." तेव्हापासून वैभव सकाळी नऊ वाजता रात्रीचे दात घासतो आणि अप्पांचा भक्त आहे. माझ्या दातांसाठी असं पायरीवर बसून कुणी विचार केलेला नाही.

इथवरही मी सोसलं असतं. पण आमची हीसुद्धा त्या भक्तांत सामील झाली.

अप्पांना चकली प्राणाहून प्रिय. आणि आमच्या हिची चकली म्हणजे कडक. मोडली तर गल्लीत ऐकू जावी अशी. दर रविवारी सकाळी अप्पा पेपर वाचायला म्हणून आमच्याकडे येतात आणि ही बशी पुढे करते. अप्पा आधी उठून आमच्याच घरातलं गॅलरीचं दार लावून घेतात. भर मे महिन्यातसुद्धा! एकदा मी घाम पुसत विचारलं, तर म्हणाले, "धूळ येते हो." मग ते बसतात, डोळे मिटतात आणि चकली दाढेखाली धरतात. कडकन आवाज येतो. मग दुसरी. मी समोर चहात बुडवून बिस्किट खात असतो.

"ऐका, ऐका," ही मला म्हणते, "याला म्हणतात चकली खाणं! केल्याचं सार्थक होतं बाई. नाहीतर आमच्याकडे! तुम्हाला भिजवून देऊ का हो?"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या कुठल्या अवयवाचं हिनं असं तोंड भरून कौतुक केल्याचं मला आठवत नाही. आणि जाताना ही अप्पांना चार चकल्या रुमालात बांधून देते. "घरी खाईन निवांत," म्हणतात. बारा महिने तेरा त्रिकाळ खाऊन वर बांधून न्यायला संकोच वाटत नाही माणसाला.

रिसबूडकाकू मात्र कधी येत नाहीत. गॅलरीत दिसल्या तर पदर तोंडाशी धरून मान हलवतात, इतकंच. हसतानाही पदर काढत नाहीत. जुन्या वळणाच्या असतील, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष अप्पांच्या जबड्यावर होतं.

मला आधी संशय आला की ती कवळी असावी. मांजरी गावात माझा मेहुणा राहतो. तो संक्रांतीच्या आधी आला तेव्हा मोटारीच्या टपावर ऊस बांधून घेऊन आला. त्यातला सगळ्यात जाड, लोखंडासारख्या सालीचा एक मी निवडला आणि खाली पार्किंगमध्ये चारचौघांत अप्पांच्या हातात दिला. "सुरी आणू का, अप्पा?" मी अगदी गोड आवाजात विचारलं.

"कशाला?" ते म्हणाले.

त्यांनी दातांनी साल धरली आणि वरपासून खालपर्यंत सोलत नेली, शिवण उसवावी तशी. मग दोन कांडी चावून दाखवली. वैभवनं टाळ्या वाजवल्या. गॅलरीतून आमच्या हिनंही वाजवल्या. मग सगळे मला आग्रह करायला लागले. मी ताठ्यानं एक कांडं तोंडात घातलं, आणि माझा ब्रिज उसाच्या चोयट्यांसकट हातात आला. अप्पांनी उरलेला ऊस बगलेत मारला. "हा घरी नेतो," म्हणाले आणि जिना चढून गेले. मी ब्रिज खिशात घालून डॉक्टरांकडे गेलो. तिथे पूर्वी दाताचा दवाखाना होता, आता डेंटल स्टुडिओ आहे. दुखतं तितकंच.

कवळी नाही म्हटल्यावर उरलं एकच. हा माणूस काहीतरी लपवतोय.

मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यात होतो. कंपनीनं कॉम्प्युटर आणले आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती आमची. त्यामुळे दुपारी घरी असण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली आणि तेव्हाच मला तो आवाज ऐकू आला. रोज दुपारी, जेवणाच्या वेळेला, अप्पांच्या स्वयंपाकघरातून खलबत्ता वाजायचा. बिल्डरनं मधली भिंत पापडाइतकी जाड घातली असल्यामुळे घाव न् घाव ऐकू यायचा. त्यांच्याकडे मिक्सर आहे, मी बघितलेला आहे. मिक्सर असताना माणूस रोज हातानं कुटतो म्हणजे ते काही साधं नसणार. मंजन! लवंग, बाभळीची साल, अक्कलकारा, आणखी काय काय असेल. जगाला मऊ ब्रश सांगायचा आणि खरं औषध दार लावून कुटायचं!

"अप्पा, दुपारी काय कुटता हो?" मी एकदा सहज विचारल्यासारखं केलं.

"काही नाही हो. असंच." आणि त्यांनी विषय माझ्या हिरड्यांवर नेला.

दरम्यान माझा पुढचा दात हलायला लागला. स्टुडिओतले डॉक्टर म्हणाले, "हिरडी सुटलीय काका. जितका टिकेल तितका टिकवू." त्या रात्री मी आरशासमोर उभा राहून तो दात नसलेला चेहरा कल्पनेनं बघितला. रविवारी अप्पा चकली खाणार, ही टाळ्या वाजवणार, आणि मी समोर ओठ मिटून बसणार. ते मंजन मला हवं होतं. मागून मिळणार नव्हतं, म्हणून बेसावध गाठायचं ठरवलं.

हिनं ताज्या चकल्या केल्या होत्या. "अप्पांना मी देऊन येतो," असं म्हणून मी डबा घेतला तेव्हा हिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. भिंतीपलीकडे खलबत्ता सुरू झाला तसा मी निघालो. दार लोटलेलं होतं. मी बेल न वाजवता सरळ स्वयंपाकघरात गेलो.

अप्पा जमिनीवर फतकल मारून बसले होते. खलबत्त्यात आमच्या हिच्या मागच्या रविवारच्या चकल्या होत्या.

टेबलाशी काकू बसल्या होत्या. मला बघून त्यांनी झटकन पदर तोंडाशी नेला, पण तेवढ्यात मला दिसलं. काकूंच्या तोंडात एकही दात नव्हता. समोर दोन ताटं वाढलेली होती. मऊ भात, ताकात कुस्करलेली भाकरी, घोटलेली भाजी. दोन्ही ताटांत तेच.

"या लिमये," अप्पा म्हणाले. चोरी पकडल्यासारखे ते एवढेसे झाले होते. "हिला चकली फार आवडते. कवळी केली होती, पण हाडच झिजलंय, बसत नाही. टोचते. म्हणून आपलं कुटून देतो."

मी म्हटलं, "मिक्सर आहे की तुमच्याकडे."

"मिक्सरमध्ये पीठ होतं हो त्याचं! जरा रवाळ राहिली तर जिभेला कळतं, चकली आहे म्हणून. उसाचंही तसंच, ठेचून फडक्यातून पिळून दिला."

"पण अप्पा, तुमच्याही ताटात..."

"मी किती सांगते," काकू पदराआडून म्हणाल्या. "तुमचे आहेत ना दात, तुम्ही खा हो नीट. ऐकतच नाहीत. सात-आठ वर्षं झाली, हेच जेवतायत माझ्यासारखं."

अप्पा बत्त्याकडे बघत म्हणाले, "एकट्यानं कडकड करत खायचं म्हणजे... तिला ऐकू येतं ना."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि निघालो. ते दारापर्यंत आले. जिन्यात कुणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणाले, "माहेरपासून मिश्री लावायची हो ती. भाजलेली तंबाखू दातांना चोळत बसायची दुपारी. मी तेव्हाही असाच, माझे घासण्यात दंग. हिरड्यांतून रक्त येतं म्हणाली, तर म्हटलं मीठ लाव. आरशासमोर माझ्या शेजारीच उभी असायची. तिच्या तोंडात एकदा बघितलं नाही मी."

आणि मग सवयीनं त्यांनी माझ्या तोंडात बघितलं. "हलतोय का तो पुढचा? त्याला जपा. मऊ ब्रश. आणि रात्रीचं..."

"घासतो," मी म्हटलं. खोटंच म्हटलं. त्या रात्रीपासून मात्र घासतो, हिरडीकडून दाताकडे.

घरी आलो तर ही टीव्हीसमोर बसून चकली खात होती. कडकड, कडकड. "कळलं का मंजनाचं?" तिनं विचारलं. म्हणजे माझा डाव हिला पहिल्यापासून माहीत होता. मी म्हटलं, "लवंग असते थोडी."

मी शेजारी बसलो आणि मला पुन्हा हेवा वाटला. या वेळी अप्पांचा नाही, काकूंचा. तोंडात एक दात नसलेल्या बाईचा हेवा करणारा मी पेठेतला पहिलाच असेन. पण वाटला. आतल्या आत चांगला पोटात दुखेपर्यंत वाटला. माझे सगळे पडले तर मला भिजवलेली चकली मिळेल, याची खात्री आहे. ही स्वतः तीच भिजवलेली खात माझ्या शेजारी बसेल का, ते मला विचारायचं होतं. विचारलं नाही. टीव्हीवर मालिका रंगात आली होती.

रविवारी अप्पा आले. हिनं बशी पुढे केली. अप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले, त्याआधी मी उठलो. पलीकडच्या गॅलरीत काकू तुळशीला पाणी घालत होत्या. मी मान हलवली, त्यांनी पदराआडून हलवली. मग मी दार लावलं आणि कडीही घातली.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. तोंडात नाही, तोंडाकडे.

"धूळ फार येते," मी म्हटलं. "घ्या, अप्पा."