चालत्या माणसाला थांबवू नये

आमचे शेजारी नागनाथ गुरुजी रस्त्यात कुणालाही थांबवत नसत. बोलायचं असलं की ते त्या माणसाच्या बरोबरीनं चालू लागत. तो जिकडं जाईल तिकडं, त्याच्या चालीनं, बोलणं संपेपर्यंत. मग वळून आपल्या वाटेला.

मी वाशीच्या शाळेत रुजू झालो तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी तुळजापूरचा, पुजाऱ्याच्या घरातला. खोली मिळाली ती गुरुजींच्या भिंतीला भिंत लागून. ते आमच्याच शाळेत गणित शिकवत. बायको कधीचीच वारलेली, घरात एकटे. पहिल्या शनिवारी मी वळकटी घेऊन गावी निघालो, तर मागून गुरुजी आले. "तुमी थांबू नका, म्या येतो संगं," म्हणाले आणि पोरांना अपूर्णांक कसे शिकवावेत ते सांगू लागले. स्टँड आला. मोटार लागलेलीच होती. मी चढलो. गुरुजीही तिकीट काढून चढले. अपूर्णांक दोन कोसांवरच्या फाट्यापाशी संपले. तिथं ते उतरले, छत्री उघडली आणि शांतपणे वाशीकडं चालू लागले.

गावाला याची सवय होती. सकाळी तांब्या घेऊन निघालेली माणसं तेवढी हात जोडून म्हणत, "गुरुजी, आता मागं फिरा." एकदा कुणाकडून तरी हातोडी मागायची होती. तो माणूस नेमका वरातीत. गुरुजी वरातीबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत गेले. परत आले तेव्हा कपाळाला गुलाल, हातात पानसुपारी. हातोडीचं बोलणं बँडमुळं ऐकूच गेलं नव्हतं.

मी एकदा विचारलंच, "गुरुजी, मिनिटभर थांबवलं एखाद्याला तर काय बिघडतं?"

गुरुजींचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. म्हणाले, "वजह ल्हान असती, मास्तर. पुढं तिचं काय व्हईल त्येचा भरवसा न्हाय. आता बघा, आपली शाळा गळती. का?"

"पत्रे जुने आहेत."

"जुने हायतच. पण नव्या पत्र्याचा ठराव का न्हाय झाला? त्या दिवशी न्हाव्याचा वस्तरा बोथट व्हता. पाटलाची दाढी लांबली. पाटील बैठकीला उशिरा आले. तवर म्हाळाप्पाची म्हैस सुटली अन् आर्धी पंचायत म्हशीमागं गेली. वस्तऱ्याला धार आसती तर आज पोरं कोरडी बसली आसती."

"मग न्हाव्याला सांगायचं, धार लावत जा."

गुरुजी चमकून माझ्याकडं बघू लागले. "धार लावल्यावर पाटलाचा गाल कापला आसता का न्हाय, हे कोण सांगणार?"

शाळेत मधल्या सुट्टीत मी या सगळ्याची नक्कल करायचो. छत्री काखेत धरून एखाद्या मास्तराच्या बरोबरीनं चालायचो, "वजह ल्हान असती" म्हणायचो. मास्तर मंडळी पोट धरून हसत. हेडमास्तर मात्र हसत नसत. ते उठून वर्गाकडं जात. त्यांना माझा विनोद कळत नाही, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षी पंचमी झाल्यानंतरच्या रविवारी गुरुजींनी भिंतीपलीकडून हाक मारली. "मास्तर, जेवाया या. पाव्हणा आलाय."

पाहुणा म्हणजे बाबू नावाचा गाडीवान. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, मान खाली घालून बसलेला. गुरुजींनी स्वतः भाकरी थापल्या होत्या. आम्ही तिघं बसलो. बाबू नुसतीच भाकरी कुस्करत होता. मधेच म्हणाला, "मालक, म्या वाटंत बैल पाजाया थांबलो नसतो तर..."

"गाडीच उशिरा निघाली व्हती, बाबू. तू जेव."

मी दोघांकडं बघत राहिलो. ते गुरुजींच्या ध्यानात आलं. ताटातला हात तसाच ठेवून ते सांगू लागले.

"माझी सुमन. आठ वर्सं झाली. पंचमीला म्हायेरी आली व्हती. सासरची गाडी न्यायला आली, हा बाबूच व्हता गाडीवर. गाडी वेशीपतुर गेली अन् मला आठवलं, शेंगाच्या चटणीची बरणी ऱ्हायली. पळत जाऊन म्या गाडी थांबवली. घरी आलो तर बरणीचं झाकण सापडंना. धा मिनिटं गेली त्यात. तिकडं वर कुठंतरी पाऊस झाला व्हता, इथं थेंब न्हाय. गाडी ओढ्यात उतरली अन् पाणी आलं. बाबू बाभळीला अडकला. सुमन दुसऱ्या दिवशी घावली."

छत्री काखेत धरून मी वर्षभर ज्याची नक्कल करत होतो, ते हे होतं.

"तुमच्या धा मिनिटानं न्हाय झालं, मालक," बाबू म्हणाला. "म्या बैल पाजले, त्येनं झालं."

"बैल तान्हेले व्हते. मुकं जनावर हाय, त्येला पाजायलाच पायजे. पण चटणीवाचून कुणाचं काय अडलं व्हतं? सांग बरं." गुरुजींचा आवाज वर्गात असतो तसा झाला होता. "माझीच चूक हाय ती. वाढू का ताक?"

बाबू हळूहळू जेवला, दोन भाकरी खाल्ल्या आणि हात धुवायला मागं आडावर गेला.

मी हलक्या आवाजात म्हणालो, "गुरुजी, गाडी वेळेवर निघाली असती तरी वाटेत चाक निखळलं असतं, बैल बुजले असते. पाणी कधी येणार हे कुणाला ठाऊक होतं? तुमच्या दहा मिनिटांनीच हे झालं, असं कसं म्हणता येईल?"

"न्हाईच म्हणता येत." गुरुजी ताटं एकात एक ठेवत होते. "म्या गणित शिकवतो, मास्तर. पयल्या वर्सी पाट्याच्या पाट्या भरून मांडलं. हे न्हाय तर काय, ते न्हाय तर काय. उत्तर निघत न्हाय त्येचं. कुणालाच निघायचं न्हाय." मागं आडावर रहाट वाजत होता. "पण ती धा मिनिटं म्या खाली ठेवली, तर तो उचलंल. त्येला चार लेकरं हायती. त्येला गाडी हाकायची हाय अजून."

बाबू आला. "जरा पाठ टेकतो," म्हणत ओसरीवर आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला. मी निघालो. पायात चप्पल सरकवताना ती फरशीवर वाजली, तसा गुरुजींनी हात वर केला.

"हळू. घरी ह्येला झोप लागत न्हाय, ह्येची बायको सांगती. वर्सातनं एकदा इथं आला की लागती."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. ऊन ओसरीवर चढत बाबूच्या कपाळापर्यंत आलं होतं. गुरुजी आत गेले, पेटी उघडल्याचा आवाज झाला. ते बाहेर आले तेव्हा हातात एक हिरवं लुगडं होतं, घड्यांवर फिकट झालेलं. सुमनचं असावं. त्यांनी त्याचं एक टोक एका खांबाला बांधलं, दुसरं दुसऱ्या खांबाला. मग मधला भाग हातानं सारखा केला आणि बाबूच्या तोंडावर सावली नीट पडते का, ते वाकून पाहिलं.