गट नंबर चारशे सतराचा वैरी

राधाकृष्ण खेमनर यांचं म्हणणं असं, की अख्ख्या नगर जिल्ह्यात चालणारी डोकी दोनच. एक त्यांचं, आणि दुसरंही त्यांचंच, कारण रविवारी ते निराळ्या पद्धतीनं विचार करत. हुद्द्यानं ते श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात कारकून. पण पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा अभ्यास करून आल्यापासून ते स्वतःला 'गुप्तहेर, यंत्रविभाग' म्हणवून घेत. हरवलेल्या छत्रीचं त्यांचं प्रकरण तर तालुक्यात गाजलं होतं. छत्री त्यांच्याच हातात होती हे खरं, पण तिथवर पोचायला त्यांनी दोन शिपायांच्या जबान्या घेतल्या होत्या.

त्यांच्या हाताखाली गहिनीनाथ. दिवाळीनंतर चिकटलेला, काम उसाच्या नोंदीच्या कार्डांना भोकं पाडायचं. ती चळत दर आठवड्याला यष्टीनं पुण्याला जायची, तिथला भाड्याचा कॉम्प्युटर ती वाचायचा आणि कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरवून द्यायचा. चेअरमननी भर सभेत सांगितलं होतं, आता वशिला बंद, मशीन म्हणेल त्याच्याच फडात तोडणीची टोळी जाईल. टाळ्या पडल्या होत्या.

आणि मशीन रतनबाईंचं नावच घेईना. संक्रांत झाली, शेजारपाजारचा ऊस गेला, रतनबाईंच्या उसाला तुरे येऊन वजन घटायला लागलं. रतनबाई म्हणजे गहिनीनाथची मामी. तिची छबू गहिनीनाथला द्यायचं जवळपास ठरलेलं. पण परवा मामीचा निरोप आला, "ज्याला फडात टोळी आनता यीना, त्यो दारात वरात काय आननार? पोरीला शेवगावचं स्थळ सांगून आलंय."

आज मामी स्वतःच कचेरीत येऊन बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. टोळीचं कळल्याशिवाय ती उठणार नव्हती.

"उंदीर," राधाकृष्ण तपकिरीची चिमूट ओढून म्हणाले. "उंदरानं कार्डाला जादा भोक पाडलं."

"भाऊसाहेब, उंदीर चौकोनी भोक पाडंल का?"

"शिकलेला असेल." त्यांनी येरझारा सुरू केल्या. "नाहीतर विरोधी पार्टी. यष्टीत कार्डं बदलली. ड्रायव्हर कोल्हारचा आहे, लक्षात घे."

"मग?"

"कोल्हारचा माणूस आणि गाडी श्रीगोंद्याची. इथंच पाणी मुरतंय."

पाणी कुठं मुरतंय ते गहिनीनाथला दिसेना. राधाकृष्णांनी तिसरा सिद्धांत काढला, की मशीन ब्रह्मचारी आहे, बायकांच्या नावाला बुजतं. मामी पहिल्यांदाच बोलली, "मग शेजारच्या भामाबाईचा ऊस कसा नेला त्यानं?"

"भामाबाई वयस्कर आहेत," राधाकृष्ण म्हणाले. मामीनं पिशवीची गाठ उगीचच घट्ट केली.

शेवटी गहिनीनाथ चाचरत म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी लिहिलेली, मशीनला हुकूम सोडनारी कार्डं तरी एकदा वाचू या."

त्या चळतीला हात लावायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. खरा प्रोग्रॅम तो, जो दुसऱ्याला कळत नाही, असा राधाकृष्णांचा बाणा. मशीन जी वाचत नाही, पण माणसाला जी कळतात, अशी टिपणाची कार्डं मध्ये घालावीत, असं पुण्यात शिकवलं होतं. त्यांनी एकही घातलं नव्हतं. मागं पुरावा ठेवतो तो कच्चा, असं ते म्हणत.

"हे एक्स, एक्सएक्स आन् एक्सएक्सएक्स काय हाय?"

"एकात उसाचं वय, एकात रस्त्याचं अंतर, एकात आणखी काहीतरी."

"कोनतं कशात?"

"गुपित आहे."

"तुमाला ठाऊक हाय ना?"

"ठाऊक होतं," राधाकृष्ण म्हणाले.

गहिनीनाथ एकेक कार्ड उलटत गेला. मधेच थांबला. "भाऊसाहेब, हे बघा. गट नंबर चारशे सतरा असंल, तर सोडून पुढं जा."

"चारशे सतरा? त्यो तर माझा गट," मामी म्हणाली.

राधाकृष्णांनी कार्ड हिसकावून उजेडात धरलं. "सापडला. बघ, ना नाव, ना कारण, ना कधीपर्यंत त्याचा पत्ता. पोचलेला माणूस. भोकं तिरकी, म्हणजे घाई. आणि घमेंडखोर. आपल्याला सगळं आठवेल असं समजणारा." त्यांनी कार्ड हुंगलं. "तपकीर ओढणारा." आणि ते शिंकले.

गहिनीनाथनं टेबलावरच्या डबीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सायेब," मामी शांतपणे म्हणाली, "त्यो मानूस म्या बघितलाय. गेल्या साली, मढीच्या यात्रेआदी. आमच्यात कानिफनाथाचं पाळत्यात. महिनाभर, पार पाडव्यापतुर, शेताला कोयता लावायचा न्हाई, लगीन करायचं न्हाई. म्या हितंच यून सांगितलं, एवढा महिना माझा ऊस तोडू नगा. तर त्यो म्हनला, बसा बाई, तात्पुरतं एक कार्ड घालतो. त्या साली ऊस म्या मग गुऱ्हाळाला घातला. पन च्या बी पाजला हुता त्यानं."

"कोण?"

"तुमी."

राधाकृष्णांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "तरीच सापडत नव्हता. माझ्या तोलाचा होता."

कार्ड काढलं, चळत पुण्याला गेली, आणि पुढच्या आठवड्यात रतनबाईंच्या फडात टोळी उतरली. ऊस गेल्यावर मामी पुन्हा कचेरीत आली. गहिनीनाथचा जीव कानात गोळा झाला. पण लग्नाच्या सुपारीचं अक्षर न काढता ती म्हणाली, "माझ्या दिराचा ऊस उभा हाय अजून. यात्रेआदीचा महिना तेवढा त्याला सोडा."

"तात्पुरतं एक कार्ड..." म्हणत राधाकृष्णांनी कोरं कार्ड उचललं. गहिनीनाथनं ते कार्ड अलगद काढून घेतलं आणि स्वतः भोकं पाडायच्या यंत्रावर बसला. त्याच्या आधी त्यानं आणखी एक, टिपणाचं, घातलं: कुणासाठी, कशासाठी, आणि पाडव्याला काढायचं.

राधाकृष्णांनी ते वाचलं. "मशीन हे वाचत नाही."

"न्हाई. हे पुढल्या सालासाठी. तुमाला वाचायला."

मामी पाहत होती. पिशवीतून तिनं सुपारी काढून टेबलावर ठेवली.

"गहिन्या, आनखी एक कार्ड कर. छबू तुला दिली म्हनून. आन् ते कधी काडायचं, ते काय लिहू नगं."