म्हैसुरात हीटर शोधणारे भुजंगराव

मंडी मोहल्ल्यातल्या विजेच्या सामानाच्या एका दुकानात, भर सकाळी, गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर वर्तमानपत्र अंथरून एक सत्तरीचे गृहस्थ मांडी घालून बसले होते. समोर हीटर. दोन्ही हात त्याच्याकडे पसरलेले, डोळे मिटलेले. दारातून आत येणारा माणूस आधी चप्पल काढायचा आणि मग इकडेतिकडे देव शोधायचा. दुकानदाराने दोनदा खुर्ची आणून ठेवली, गृहस्थांनी दोनदा ती बाजूला सरकवली. हा प्रकार पाऊण तास चालला होता आणि त्यांच्या शेजारी पर्स सांभाळत, आपण यांच्याबरोबर नाही असा चेहरा करून उभी असलेली बाई मी होते.

हे आमचे विजयनगरातले शेजारी भुजंगराव. त्यांच्या कुठल्याशा पूर्वजाने म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोडा आणला आणि परत न्यायचं राहून गेलं, असं ते सांगतात. मी मूळची सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि इथल्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून चिकटले. पहिल्याच भेटीत भुजंगरावांनी माझ्या भाषेचा निकाल लावला. म्हणाले, "नोडम्मा, बघा, तुमचं मराठी पेपरातलं हाय. आमचं जेवणातलं." त्यांच्या जेवणात कन्नडचं सांबार भरपूर असतं, तरी मला ते मराठी आवडतं. मला ते 'इंजिनेर अम्मा' म्हणतात.

त्यांचा सगळ्यात आवडता शब्द 'सुम्ने'. कन्नडमध्ये सुम्ने म्हणजे उगाच, असंच, काही कारण नसताना. भुजंगरावांच्या मते जगातली निम्मी माणसं सुम्ने बोलतात आणि उरलेली सुम्ने वस्तू विकत घेतात. स्वतः ते कुठलीही वस्तू दुकानातच पूर्ण वापरून बघितल्याशिवाय घेत नाहीत. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा घरून खोबरं, मिरच्या आणि डाळं घेऊन गेले होते. चटणी वाटून झाल्यावर दुकानातल्या चौघांना चाखायला दिली आणि मिक्सर जाडसर वाटतो म्हणून न घेता परत आले. छत्री दुकानदाराच्या नळाखाली धरून बघितली. चपला घेताना जुना जोड तारण म्हणून ठेवला आणि नव्यात मार्केटपर्यंत जाऊन आले. येताना कोथिंबीरही घेऊन आले.

अशा माणसाला हीटर हवा होता, आणि तोही म्हैसुरात. इथे डिसेंबरात सकाळी दूधवाला कानटोपी घालतो, पण दहा वाजता ती खिशात जाते. इथल्या दुकानात हीटर मागितला तर अंघोळीचं पाणी तापवायचा दाखवतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोकळेपणाने हसले. भुजंगराव हसले नाहीत. कारखान्यासाठी पाहिजे म्हणाले, थंडीत लाकूड चिकटवायचा सरस थिजतो.

त्यांचा कारखाना म्हणजे मंडी मोहल्ल्यातली कौलारू, उंच छपराची एक लांबट खोली. शिसवी फळीवर रंगारंगाच्या लाकडांचे पातळ तुकडे बसवून चित्रं करायची, हे तिथलं काम. फणसाचा पिवळा, आंब्याचा फिकट, कुठला तरी तांबूस, असे तुकडे बारीक करवतीने कापायचे आणि सरसाने जागेवर बसवायचे. रंग कुठे लावायचा नाही, जो लाकडाचा तोच चित्राचा. एके काळी खोली माणसांनी भरलेली असायची. आता दोघेच उरले आहेत, भुजंगराव आणि त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे गौसभाई. भुजंगराव चित्र काढतात आणि तुकडे बसवतात, गौसभाई कापतात. हत्तीच्या पापणीचा केस गौसभाई लाकडातून कापून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर खरी गोष्ट अशी होती की गौसभाईंची बोटं थंडीत आखडायला लागली होती. सकाळचे दोन तास करवत धरता येत नव्हती. गेला हिवाळा त्यांनी कसाबसा काढला आणि शेवटी सांगून टाकलं की यंदाही असंच झालं, तर करवत ठेवून लेकीकडे तुमकूरला जाईन. हे मला गौसभाईंनीच सांगितलं. भुजंगरावांना विचारलं तर ते सरसावर अर्धा तास बोलले. गौसभाई गेले तर तुमचं काय, असं मी विचारल्यावर उठून सांबाराला फोडणी द्यायला आत गेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे फोडणी त्यांनाच द्यावी लागते, पण ती नेमकी तेव्हाच द्यायला हवी होती असं नाही.

हीटरची चौकशी त्यांनी गोकुलमपासून सुरू केली. तिथे योग शिकायला थंड देशांतून माणसं येतात, त्यांना थंडीचं कळत असणार, हा हिशेब. एका परदेशी बाईंना त्यांनी रस्त्यात थांबवून विचारलं की तुमच्याकडे हात गरम कसे ठेवतात. बाई डिसेंबरच्या सकाळी बिनबाह्यांच्या कपड्यात, अनवाणी उभ्या होत्या. बाईंनी त्यांना एक श्वासाचा प्रकार शिकवला. तो भुजंगरावांनी दोन दिवस गौसभाईंकडून करून घेतला. गौसभाईंना शिंकांखेरीज काही झालं नाही. मग भुजंगराव माझ्याकडे आले.

विजेच्या बाबतीत मला कोणी शिकवलेलं आवडत नाही. इतर बाबतींतही फारसं आवडत नाही. मी कागद घेतला आणि निवड करून टाकली. लाल होणाऱ्या कांडीचा हीटर नको, कारण खाली भुसा आणि फडताळात पॉलिशचं स्पिरिट, एक ठिणगी पुरे. पंख्याचा नको, तो सगळा भुसा ओल्या सरसावर नेऊन बसवेल. गॅसचा तर बंद खोलीत नकोच नको. राहिला आत तेल भरलेला, पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांचा. तो लाल होत नाही, आवाज करत नाही, कलंडला तर आपोआप बंद पडतो. खोलीचं माप घेऊन दोन हजार वॉटचा ठरवला, त्याला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, आणि एक्स्टेन्शन बोर्ड लावलात तर मी येऊन वायर कापेन अशी धमकी दिली. दुकानदाराने कूलरांच्या मागून असा एक हीटर धूळ झटकत काढला, आणि मग तो वर्तमानपत्राचा कार्यक्रम झाला.

पाऊण तासाने भुजंगरावांनी डोळे उघडले. म्हणाले, "अम्मा, ऊब वर जातेय. मला काय लागत नाय."

मी त्यांना सांगितलं की हळूहळू सगळी हवा तापते, याला विज्ञान म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदाच भुजंगरावांनी स्वतःच्या परीक्षेत नापास झालेली वस्तू घेतली, ती माझ्या शब्दावर.

कारखान्यात हीटर लावला. तासाभराने मला छान ऊब जाणवायला लागली. मी विजयी मुद्रेने गौसभाईंकडे पाहिलं. ते शाल गुंडाळून जमिनीवर बसले होते आणि बोटं काखेत धरली होती. मी वाकून खाली हात लावला. फरशी गार, हवा गार. ऊब सगळी माझ्या चेहऱ्यापाशी आणि तिथून थेट कौलांच्या फटींतून मंडी मोहल्ल्यात. मी नोकरी करते त्या कारखान्यात सगळे उभे राहून किंवा स्टुलावर बसून काम करतात. माणूस जमिनीवर मांडी घालून, मांडीशी फळी घेऊन दिवसभर काम करतो, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. भुजंगराव दुकानात खाली का बसले होते ते मला तेव्हा कळलं आणि मी भलतीच खजील झाले. ते मला काही बोलले नाहीत. हीटरला मात्र कन्नडमध्ये बरंच बोलले.

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. ऊब खाली येत नाही तर माणूस वर न्यायचा. चार दिवस खपून त्यांनी गुडघ्याहून उंच अशी लाकडी बैठक केली, मागून वारा लागू नये म्हणून तिला फळ्यांची पाठ केली आणि शेजारी मी सांगितलं तेवढं अंतर सोडून हीटर ठेवला. पण गौसभाई वर चढेनात. मालक खाली बसणार आणि कारागीर वर, हे त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. "तुमे नीचे, मैं ऊपर? नक्को राव साब," एवढंच म्हणून ते पुन्हा फरशीवर बसले. भुजंगरावांनी वाद घातला, आवाज चढवला, शेवटी बैठक आणखी चार फूट लांब केली आणि स्वतः आधी वर जाऊन बसले. इतकी वर्षं हे दोघे खोलीच्या दोन टोकांना बसून एकमेकांशी ओरडून बोलत होते. आता गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि तरीही ओरडूनच बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी गौसभाईंनी सकाळी नऊला करवत चालवली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्लग तापत नाही ना, ते बघायला मी गेले. गौसभाई बाहेर नळावर होते. तेवढ्यात भिंतीला टेकवलेल्या चित्रांच्या फळ्यांतून 'टक' असा आवाज आला. भुजंगरावांनी झटकन एक फळी उचलली. अंबारीचा हत्ती होता, दोन महिन्यांचं काम, आणि मस्तकापासून सोंडेपर्यंत सरळ चीर गेली होती. एकदा सुताराने यांची फळी उन्हात ठेवली म्हणून ते त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते. आता त्यांनी हत्ती गोणपाटात गुंडाळला आणि बैठकीखाली सारला.

मी म्हटलं, हीटरने हवा कोरडी होते, पातळ लाकूड आक्रसतं, फळ्या इथे असतील तर हीटर बंद ठेवायला हवा.

"हळू बोला," ते म्हणाले. "गौसला कळलं तर तो स्वतः उठून बटण दाबेल. मग तुमकूर."

"आणि तुमचं काम?"

"चाळीस वर्षं त्याच्या करवतीचा आवाज ऐकत बसलोय अम्मा. तो आवाज नसला तर कुलूप उघडून आत मी काय करू?"

मी वाकून प्लगला हात लावून बघितला. गौसभाई हात पुसत आत आले, वर चढले आणि विचारलं की हत्ती कुठे गेला. गिऱ्हाईक घेऊन गेलं, असं भुजंगरावांनी माझ्यासमोर सरळ ठोकून दिलं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं, ते आतल्या खोलीत होते. पाहते तर मोठ्या पलंगावर गादी नव्हती. शिसवी फळ्या ओळीने आडव्या निजवलेल्या होत्या, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, कोपऱ्यात हवेला ओल राहावी म्हणून पाण्याचं घमेलं. सगळ्यांवर एक जुनी इरकली साडी पांघरलेली होती. साडी कोणाची ते विचारायची गरज नव्हती. रोज दोन फळ्या स्कूटरवर बांधून नेतात आणि संध्याकाळी परत आणतात, असं कळलं. गौसभाईंना सांगितलं होतं की कारखान्यात वाळवी लागली आहे.

भुजंगराव खुशीत होते. गौसभाईंनी काल त्यांच्यासमोर लेकीला फोन केला होता आणि यंदा येत नाही म्हणून कळवलं होतं. हे त्यांनी मला लागोपाठ तीनदा सांगितलं.

मी विचारलं, तुम्ही मग झोपता कुठे? त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या चटईकडे बोट केलं. या वयात फरशीवर झोपून पाठ धरेल, म्हणून मी त्यांना रागावले. त्यांनी साडीची एक सुरकुती हाताने सारखी केली.

"ती गेल्यापासून चटईवरच झोपतो," ते म्हणाले. "एवढा पलंग, एकटा माणूस. बघवत नव्हतं. आता भरलेला हाय, तर या खोलीत येतो तरी."